निळ्या टिपक्याचे चंबू

१

चंबू फुटला तेव्हा ती मुलगी त्याच्यावर वाकून बघत होती. औषधांच्या प्रयोगशाळेत नुकतीच नोकरीला लागलेली रसायनवाली. डोळ्यांवर चष्मा होता, पण एक कपची चष्म्याच्या खालून आत शिरली. उजवा डोळा वाचेल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते. चंबूच्या गोल पोटाचा चुरा होऊन फरशीभर पसरला. मान मात्र चिमट्यात धरलेली होती, ती तशीच राहिली. त्या मानेवर मोहरीएवढा निळा टिपका होता.

निळा टिपका म्हणजे वहिनी, हे काचेच्या त्या कारखान्यात शेंबडं पोरही सांगेल. तिथे ज्योतीवर काच फुंकून चंबू करणारे कारागीर दोनच, आणि प्रत्येक जण आपल्या मालावर आपल्या रंगाच्या काचेचा एक ठिपका वितळवून लावतो. निळा वहिनींचा, हिरवा पैलवानाचा.

माझं काम विम्याचं. कुठे काही फुटलं, जळलं, कुणाला लागलं की चूक कुणाची ते मी लिहून द्यायचं. या धंद्यात माणसं सारखी खोटं बोलतात, त्यामुळे मला माणसांचा राग येतो. आणि कुणी खरं बोललंच तर संशय येतो. त्या सकाळचं काम मात्र सरळ होतं. कारागीर चूक कबूल करतेय, येऊन सही घेऊन जा, असं मालकांनी फोनवर सांगितलं होतं. दुपारच्या आत मी घरी असतो. नव्हतो, याचं कारण माझ्या सासूबाई.

सासूबाईंनी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. ज्याची सासू तर्कशास्त्राची प्राध्यापक असते त्यानं घरात 'कारण' हा शब्द जपून वापरावा. लग्न झाल्यापासून मी एकही वाद जिंकलेलो नाही. त्या दिवशी मी त्यांना दाताच्या डॉक्टरांकडून परत नेत होतो, कारखाना वाटेवरच होता. म्हटलं, अर्धा जबडा बधिर आहे, गाडीत गप्प बसतील. पण थंडी मरणाची होती, आणि त्या "जरा ऊब घेते" म्हणत माझ्या मागोमाग आत आल्या.

आत शिरल्यावर उजव्या हाताला एक विटांची खोली होती, तिच्यात पुरुषभर उंचीची भट्टी. दिवसभर फुंकलेला माल तिच्यात ठेवून निववतात, एवढं मला ठाऊक होतं. सासूबाईंनी सरळ जाऊन भट्टीला पाठ टेकली आणि लगेच सरळ झाल्या.

"अगंबाई, ही तर गार आहे."

"सकाळी गारच असते," मालक म्हणाले. "आता माल काढायचाच आहे. या, आत बसा ना, चहा सांगतो."

मालक साठीच्या जवळचे, खांदे पडलेले, बोलताना समोरच्यापेक्षा स्वतःच्या चपलांकडे जास्त बघणारे. त्यांनी टेबलावर एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं. आत गेल्या वर्षभरात निरनिराळ्या प्रयोगशाळांनी तक्रारीसोबत परत पाठवलेल्या फुटक्या चंबूंच्या माना होत्या. मी एकेक उचलून पाहिली. निळा टिपका. निळा. निळा. सगळ्याच्या सगळ्या निळ्या.

"आमचे दादा गेले, त्याला वर्ष झालं," मालक चपलांना म्हणाले. "माझे थोरले भाऊ. वहिनींचे यजमान. तेव्हापासून हे सुरू झालं. मन थाऱ्यावर नसेल तर हात तरी कसा राहणार? आम्ही कुणी त्यांना बोल लावत नाही हो. फक्त यापुढे ज्योतीवर बसवायचं नाही. घरी बसतील, पगार चालू राहील."

वहिनी दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोटांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग. त्यांनी आत येऊन माझ्यासमोरचा कागद ओढला.

"लिहा साहेब. माझ्याच हातनं झालं. पोरीचा डोळा माझ्यामुळे गेला. कुठं सही करू?"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कबुली आयती चालत आली होती. मी पेन पुढे केलं. तेवढ्यात सासूबाईंचा हात कागदावर पडला.

"थांबा जावईबापू," त्या बधिर तोंडानं म्हणाल्या. "या माना आल्या त्या बघितल्या. ज्या आल्याच नाहीत, त्या कुठं आहेत?"

२

"आल्याच नाहीत त्या मी कुठून दाखवू?" मालक गोंधळून म्हणाले.

"वर्गात दंगा झाला की पुढच्या बाकावरचं पोर सापडतं," सासूबाई म्हणाल्या. "तेवढ्यावरून मागचे बाक गप्प बसले होते असं होत नाही. मास्तरांना मागचं दिसत नाही, एवढंच."

"पण आई, त्या स्वतः कबूल करताहेत!" मी म्हणालो.

"कबूल काय करताहेत? त्या प्रयोगशाळेत होत्या? चंबू का फुटला ते त्यांनी पाहिलं? चारचौघं वर्षभर एकच म्हणत राहिली, की माणसाला ते स्वतःचंच वाटायला लागतं. कबुली म्हणजे त्यांचं मत झालं. पुरावा कुठाय?"

वहिनी मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं चिन्ह नव्हतं. उलट, शिक्षा लांबणीवर पडली म्हणून त्या बेचैन झाल्यासारख्या दिसल्या. मला त्यांची दया आली, आणि दया आली की मला राग येतो.

पुरावा पाहिजे म्हटल्यावर मालकांचा मुलगा पुढे झाला. त्याला सगळे धाकटा म्हणत. काचेच्या शास्त्राची पदवी घेऊन आलेला, हुशार, बोलण्यात घाई. त्यानं आम्हाला एका काळ्या खोक्यासमोर नेलं. त्याच्या एका टोकाला दिवा होता, मध्ये चंबू ठेवायची जागा आणि दुसऱ्या टोकाला बघायचं भिंग.

"काच नीट निवली नाही की तिच्यात ताण अडकून राहतो," तो म्हणाला. "वरून चंबू अगदी निर्मळ दिसतो, पण तापवला की कधीतरी फुटतो. या यंत्रातून बघितलं की तो ताण रंगीत पट्ट्यांसारखा दिसतो. मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला असं करत नाही, आजी. काकूंनी केलेले, गोदामातले चंबू मी एकेक करून यातून पाहिले. निम्म्याहून जास्त चंबूंत पट्टे होते. हे बघा."

मी पाहिलं. चंबूच्या पोटावर खरोखरच रंगांची वलयं होती. दिसायला सुंदर, पण त्या मुलीचा डोळा आठवून अंगावर काटा आला.

"छान," सासूबाई म्हणाल्या. "आणि पैलवानांचे?"

"त्यांचे कशाला बघू? त्यांच्या तक्रारी नाहीत."

"म्हणजे एका घरातल्या सगळ्यांना ताप, आणि तुम्ही एकीच्याच काखेत तापमापी लावलीत."

धाकट्याचे कान लाल झाले. तो काही बोलणार तोच मागून आवाज आला, "एवढा कीस काढायची काय गरज आहे?"

मालकांच्या पत्नी होत्या, म्हणजे वहिनींच्या धाकट्या जाऊबाई. बाहेरच्या खिडकीत बसून तक्रारी घ्यायचं काम त्यांचं. चेहरा करारी, हातात किल्ल्यांचा जुडगा. "आम्ही ताईंचं वाईट चिंततो का? दादा गेल्यावर त्या रात्र रात्र झोपत नाहीत, मला माहीत आहे. दादा गेले आणि माल फुटायला लागला. आंधळ्यालाही दिसेल."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही खरं असतं. कावळाही बसतो, फांदीही मोडते. मधला 'म्हणून' कुणी आणला, तेवढंच मी विचारते. बरं, तक्रारी तुम्हीच घेता ना? खिडकीत आलेली प्रत्येक मान या खोक्यात पडते?"

"आपल्या मालाची असेल तर पडते."

"आणि नसेल तर?"

किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या.

"नसेल तर फेकून देते," त्या म्हणाल्या. "कितीतरी फेकल्यात."

३

माझ्या डोक्यात लगेच गोष्ट तयार झाली. दोन जावा, एक कारखाना, थोरलीचा नवरा गेलेला. धाकटीच्या हातात तक्रारीची खिडकी. नको त्या माना फेकायच्या, निळ्या तेवढ्या ठेवायच्या. मी सासूबाईंच्या कानाशी लागून हे सांगितलं.

"सुतावरून स्वर्ग गाठू नका," त्या पुटपुटल्या. "आधी पिंप बघू."

फुटक्या काचेचं पिंप मागच्या अंगणात होतं. जाऊबाई तणतणत आमच्यासोबत आल्या. "टिपका नसेल तर तो माल आपला नाही, हा नियम माझ्या सासऱ्यांनी घातलाय. बाहेरचे लोक दुसऱ्याचा फुटका माल आणतात आणि आपल्याकडून नवा उकळतात. मी काय चूक केली?"

मी हातमोजे चढवले आणि पिंपात हात घातला. वरवरच मिळाल्या. चंबूंच्या बिनटिपक्याच्या माना, एकीमागून एक. मी त्या ओट्यावर मांडत गेलो तसा जाऊबाईंचा आवाज खाली येत गेला.

"एवढ्या झाल्या होत्या?" त्या म्हणाल्या. "अधूनमधून एखादी यायची, मला वाटलं..."

"कुणाच्या आहेत या?" सासूबाईंनी विचारलं. "पैलवानांना बोलवा."

पैलवान आला. कुणाच्या तरी विनोदबुद्धीनं हे नाव पडलं असणार, कारण फुंकर मारली तर उडेल असा माणूस. त्यानं ओट्यावरच्या माना पाहिल्या, एक हातात घेतली, अंगठा काठावरून फिरवला. मग दुसरी घेतली. त्याचा चेहरा उतरला.

मी माणसं ओळखून आहे. या माणसाला त्या क्षणी 'माहीत नाही' म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर कुणाला कळणारही नव्हतं. त्यानं वहिनींकडे पाहिलं.

"या माझ्या आहेत," तो म्हणाला. "काठ बघा. मी काठ बाहेर वळवून वर एक दाब देतो. वहिनी देत नाहीत. या सगळ्या माझ्या आहेत."

"पण टिपका?" मालक ओरडलेच. "हिरवा टिपका कुठाय?"

"टिपका पोटाखाली असतो ना, मालक. धाकट्या मालकांनीच सांगितलं होतं, मानेवरचा टिपका वाईट दिसतो, बुडाला लावा. मी तेव्हापासून बुडाला लावतो. वहिनींनी ऐकलं नाही."

"आमच्या यांनी मला मानेवर लावायला शिकवलं होतं," वहिनी हळूच म्हणाल्या. "हाताची सवय... बदलावंसं वाटलं नाही."

धाकट्यानं कपाळावर हात मारला. "आई, तुला मी सांगितलं नव्हतं?"

"नाही रे," जाऊबाई म्हणाल्या. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या होत्या.

मला सगळं लख्ख दिसलं. चंबू फुटतो तेव्हा पोटाचा चुरा होतो आणि मान चिमट्यात राहते. पैलवानाचा टिपका चुऱ्याबरोबर केराच्या डब्यात जात होता, वहिनींचा मानेवर शाबूत राहून परत येत होता. दोघांचेही फुटत होते. पुरावा फक्त एकीच्याच विरुद्ध वाचत होता, तोही तिनं नवऱ्याची सवय मोडली नाही म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि मी दोर घेऊन आलो होतो.

पण वहिनींच्या चेहऱ्यावर अजूनही आनंद नव्हता. "मग पैलवानांच्या हातातही दोष आला?" त्या म्हणाल्या. "त्यांना आता घरी बसवणार का?"

पैलवानानं हातातली मान ओट्यावर परत ठेवली. त्याच्या घरी आजारी बायको होती, हे मला नंतर कळलं.

४

"कुणी कुणाला घरी बसवणार नाही," सासूबाई म्हणाल्या. जबड्यातली बधिरता उतरत होती, दात दुखायला लागला असावा, कारण एक हात गालावर होता. "धाकटेराव, तापमापी काढा. या वेळी सगळ्यांना लावू."

धाकट्यानं मुकाट्यानं यंत्र लावलं. पैलवानाचे चंबू गोदामातून आले. पहिला पाहिला, पट्टे. दुसरा, नाहीत. तिसऱ्यात आणि चौथ्यात पट्टे. वहिनींच्या मालात जसं, तसंच याही मालात. धाकटा भिंगातून डोळा न काढता म्हणाला, "मी हे का नाही बघितलं?" ते कुणाला उद्देशून नव्हतं.

"काच तर खराब येत नसेल?" मी म्हणालो. मलाही काहीतरी योगदान द्यावंसं वाटलं.

"विचारलंत ते बरं केलंत," सासूबाई म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा. "जुना माल आहे का? वर्ष-दीड वर्षापूर्वीचा, पण याच काचेचा?"

वरच्या फळीवर धूळ खात पडलेले थोडे चंबू निघाले. काच तीच, आणायचं दुकानही तेच. काही वहिनींचे, काही पैलवानाचे. धाकट्यानं एकेक लावला. पट्टे नव्हते. एकातही नव्हते. आतला प्रकाश स्वच्छ आणि शांत.

"म्हणजे काच तीच," सासूबाई म्हणाल्या, "हात तेच. जुन्यात दोष नाही, नव्यात आहे, आणि दोघांच्याही आहे. मग मध्ये काय बदललं?"

सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. वहिनींनीच ते दिलं.

"हे गेले." त्यांचा आवाज फाटला. "बघा, म्हणजे मीच. हे गेल्यापासून माझं मन..."

"तुमचं मन पैलवानांच्या हातात कसं शिरलं?" सासूबाई इतक्या मायेनं म्हणाल्या की मी बघतच राहिलो. माझ्याशी त्या कधी असं बोलल्या नाहीत. "तुमचे यजमान गेले आणि माल फुटायला लागला, हे खरं आहे. इतके दिवस सगळे त्या दोन गोष्टींच्या मधे तुम्हाला उभं करत होते. तुम्हाला जरा बाजूला घेऊ. ते इथं काय काम करायचे?"

"भट्टी सांभाळायचे," पैलवान म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "रात्रभर तिथं स्टुलावर बसायचे. आच एकदम घालवायची नसते. झडप थोडी थोडी करत सरकवायची, पहाटेपर्यंत. सकाळी आम्ही माल काढायला यायचो तेव्हा हात भाजायचे, जाड मोजे घालावे लागायचे." त्यानं आपले तळहात पाहिले. "आता नुसत्या हातांनी काढतो."

मला सकाळचं आठवलं, सासूबाईंनी ऊब घ्यायला टेकलेली पाठ.

"आता रात्री भट्टीपाशी कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. पैलवान संध्याकाळी घरी जायचा, वहिनीही. धाकट्याला वाटायचं, काकांच्या जागी कुणीतरी माणूस ठेवला असेल. जाऊबाई सावकाश वळल्या आणि आपल्या नवऱ्याकडे पाहू लागल्या.

मालकांनी चपलांवरून नजर उचलली नाही.

"कुणीच नाही," ते म्हणाले.

५

"दादा त्या स्टुलावर गेला," मालक म्हणाले. "सकाळी मीच दार उघडलं होतं. भिंतीला टेकून बसला होता, मला वाटलं डुलकी लागली. वर्षानुवर्षं रात्रीचं जागरण, ती धग, ती खोली. त्यानंच तो गेला. मी तिथंच ठरवलं, या खोलीत मी पुन्हा कुणाला रात्री बसू देणार नाही. पैलवानाला बायको आहे, पोरं आहेत. दुसऱ्याच्या घरातला माणूस मी तिथं बसवायचा आणि एखाद्या सकाळी दार उघडायचं? स्टूल मी स्वतः जाळलं."

"मग माल?" धाकटा म्हणाला.

"संध्याकाळी सगळे गेले की मी आच बंद करायचो. दार थोडं उघडं ठेवायचो, म्हणजे सकाळपर्यंत निवायचं. पहिले काही दिवस भीती वाटली. माल चांगला दिसायचा. पैलवानाची एक तक्रार आली नाही. फक्त वहिनींचेच फुटत होते. मला वाटलं, भट्टीचा दोष असता तर दोघांचे फुटले असते ना? माझंही बरोबरच होतं की!"

"बरोबरच होतं," सासूबाई म्हणाल्या. "दोघांचे फुटतच होते. तुमच्यापर्यंत पोचत नव्हते."

मी वहिनींकडे बघत होतो. माझ्या हिशेबानं त्यांनी आता त्या माणसाच्या अंगावर धावून जायला हवं होतं. वर्षभर या बाईनं स्वतःला अपराधी मानलं होतं, आणि तो तिला पगारासकट घरी बसवायला निघाला होता. त्या पुढे झाल्याही.

"भावोजी, जागरणानं नाही गेले ते," वहिनी म्हणाल्या. "त्यांचं हृदय आधीपासून अधू होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कधीही होऊ शकतं, बसल्या जागी, झोपेतसुद्धा. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले. म्हणाले, माझा भाऊ उगाच जिवाला लावून घेईल. रात्री भट्टीपाशीच त्यांना बरं वाटायचं. तिथं शांत असतं म्हणायचे."

मालक मटकन खाली बसले. साठीच्या माणसाला असं हुंदके देऊन रडताना मी क्वचित पाहिलंय, आणि पाहिलं तेव्हा बहुधा ते पैशासाठी होतं. "मला का नाही सांगितलंत वहिनी, मला का नाही..." एवढंच ते म्हणत राहिले. जाऊबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्या उठल्या, वहिनींपाशी गेल्या आणि काहीच न बोलता त्यांचा भाजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

मला वाटलं, संपलं. पण सासूबाई गाल धरून म्हणाल्या, "खोटा गुन्हेगार सापडला की सगळे निवांत होतात, आणि खरं कारण तोवर बाहेर हिंडत राहतं. आत्ता या वेळी पैलवानांचे किती चंबू कुणाकुणाच्या आचेवर असतील?"

पैलवान पांढराफटक पडला. रडणं थांबवलं ते वहिनींनी.

"आधी फोन," त्या म्हणाल्या. "भावोजी, उठा. ज्यांना ज्यांना माल गेलाय त्या सगळ्यांना. आमचा चंबू तापवू नका म्हणायचं, मग तो निळा असो नाहीतर हिरवा. रडायचं नंतर."

मग त्या कारखान्यात जी धांदल उडाली! धाकटा एका फोनवर, जाऊबाई दुसऱ्यावर, पैलवान स्वतःच्या मोबाइलवर ओरडून ओरडून. मलाही एक फोन दिला गेला. विमा कंपनीचा माणूस माल फुकट बदलून द्यायचं कबूल करतोय, हे माझ्या साहेबांनी ऐकलं असतं तर माझी नोकरी गेली असती. एका शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला सांगितलं, पुढच्याच तासाला सातवीचा वर्ग चंबू तापवणार होता. मी फोन ठेवला आणि लगेच पुढचा नंबर लावला.

शेवटचा फोन झाल्यावर मी माझा अहवाल लिहिला. मालकांनी तो न वाचताच सही केली. मग त्यांनी विचारलं, "ती मुलगी... मला तिला भेटू देतील का?"

"मीही येते," वहिनी म्हणाल्या. "मी रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत येत होते."

त्या दोघांना मी गाडीत घेतलं. सासूबाई पुढे बसल्या, दात चांगलाच ठणकत होता, तरी घरी सोडू का म्हटलं तर नको म्हणाल्या.

मुलगी खिडकीशी पलंगावर होती. अर्धा चेहरा पट्टीखाली, वय माझ्या मुलीएवढं. शेजारी तिची आई बसली होती, झोप न झालेल्या डोळ्यांची. आम्ही कोण ते सांगायच्या आतच ती सुरू झाली, कारण आठ-दहा जणांना तेच सांगून तिला ते पाठ झालं होतं.

"लहानपणापासून धांदरट आहे हो. हिचे साहेबही म्हणाले, ज्योत मोठी केली म्हणून फुटलं. सांगून सांगून थकले, घाई करू नकोस, घाई करू नकोस. आता जन्मभराचं झालं."

मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "केली होती मी मोठी," ती भिंतीला म्हणाली. "थोडीशीच. रोज करते तेवढीच."

मालक पलंगाच्या पायाशी उभे राहिले. या वेळी ते चपलांकडे बघत नव्हते.

"बाळ, तो चंबू माझ्या कारखान्यातला. चंबू ज्योतीसाठीच असतो," ते म्हणाले. "नीट निववलेला असता तर त्यानं तेवढी आच सहज सोसली असती. तो मी नीट निववला नाही. फुंकला या वहिनींनी; त्यांचा हात चुकला नाही आणि तुझाही चुकला नाही. चूक माझी आहे. तू तिथं नसतीस तर दुसऱ्या कुणाच्या तरी समोर तो फुटला असता."

मग तिनं सावकाश मान वळवली, पट्टीमुळे जास्तच वळवावी लागली, आणि चांगल्या डोळ्यानं मालकांकडे पाहिलं. त्यांच्याकडून वहिनींकडे, आणि तिथून आईकडे.

"आई," ती म्हणाली, "ऐकलंस ना?"

"ऐकलं गं," आई म्हणाली, आणि खुर्ची सोडून तिच्याजवळ पलंगावर जाऊन बसली.